पडद्यावरची कुस्ती : खरी किती, खोटी किती?

गेल्या वर्षी कल्याण तालुक्यातल्या एका गावी शाळेत वाचनावर बोलण्यासाठी गेलो होतो. भाषण आटोपले, चहा आला, आणि चहाच्या वेळी तिथल्या गुरुजींनी आपले खरे दुखणे बाहेर काढले. "सर, वाचनाचं बघू पुढे. मधल्या सुट्टीत आमची पोरं एकमेकांना उचलून आपटतात. विचारलं तर म्हणतात, कुस्ती खेळतो. ही आपल्या जत्रेतली कुस्ती नव्हे हो. ती मोबाइलवर दिसते ती, अमेरिकेतली. ते सगळं खोटं असतं म्हणून शंभरदा सांगितलं. ऐकायला तयार नाहीत."

कॉलेजात शिकवणारा माणूस असल्या गोष्टींना नाक मुरडणार, अशी गुरुजींची कल्पना असावी. मला मात्र ओशाळल्यासारखे झाले. कारण ती कुस्ती मी तीस वर्षांहून अधिक काळ आवडीने पाहत आलो आहे. मी तसे कबूल केले, आणि हेही सांगितले, की "ते सगळं खोटं असतं" हे वाक्य मुलांना का पटत नाही, ते मला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

1991 नंतर आपल्याकडे केबलचे दूरदर्शन आले. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत पहिली जोडणी एकाच घरी होती. आठवड्यातून एकदा त्या घरात कुस्तीचा कार्यक्रम लागे, आणि आम्ही मुले पार उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीने बसत असू. तेव्हा त्या संस्थेला डब्ल्यू. डब्ल्यू. एफ. म्हणत, 2002 पासून ती डब्ल्यू. डब्ल्यू. ई. झाली. मल्लांची उंची, वजन, छाती, जिंकलेल्या कुस्त्या असे आकडे छापलेले पत्ते वाण्याकडे मिळत. पाढे चुकत, पण ते आकडे चुकत नसत. अंडरटेकर नावाचा एक काळ्या झग्यातला मल्ल होता. त्याला सात जन्म आहेत, तो मरून पुन्हा उठतो, अशी आमची बालंबाल खात्री होती. 1996 साली 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटात अक्षयकुमार त्या अंडरटेकरशी लढला, तेव्हा आमच्या अभिमानाला पारावार राहिला नाही. चित्रपटातला तो अंडरटेकर ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

याच भरात एके दुपारी मी माझ्या धाकट्या भावाला उचलले आणि गादीवर आपटले. मी तेरा वर्षांचा, तो नऊ वर्षांचा. गादी होती, पण तो गादीच्या कडेवर कोपरावर पडला. हाड मोडले. रात्री प्लास्टर घालून घरी आणल्यावर त्याने मला विचारले, "दादा, टीव्हीवर तर त्यांना काही होत नाही. मग मलाच कसं झालं?" घरातली मोठी माणसे म्हणाली, "अरे गाढवांनो, ते सगळं खोटं असतं." पण हे उत्तर आम्हां दोघांनाही पटेना. तेवढा उंच माणूस हवेत जाताना आणि पाठीवर आदळताना आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. त्यात खोटे काय होते?

श्रोतेहो, मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे. त्या कुस्तीत निकाल ठरलेला असतो, पण पडणे खरे असते. आणि पडण्याची विद्या शिकावी लागते.

तो चौकोनी मंच कसा असतो ते पाहा. बाजूला साधारण वीस फूट. खाली लोखंडी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वरून ताणून बसवलेले कॅनव्हास. फळ्या थोड्या दबतात, म्हणून धक्का कमी बसतो, आणि आवाज मात्र दणदणीत होतो. पडणारा माणूस हनुवटी छातीशी घट्ट धरतो, म्हणजे डोके आपटत नाही. तो सपाट पाठीवर पडतो आणि त्याच क्षणी दोन्ही हात फैलावून जमिनीवर मारतो. त्यामुळे सगळा भार एका जागी न येता अंगभर वाटला जातो. कोपर, मनगट, मान यांवर भार येऊ द्यायचा नाही, हा पहिला धडा. माझा भाऊ नेमका कोपरावर पडला होता.

आता उचलणाऱ्याकडे पाहा. आपल्याला वाटते, तो समोरच्याचा जीव घेतो आहे. खरे पाहता समोरच्याचा जीव त्याच्या हातात सोपवलेला असतो. ज्याला उचलायचे तो स्वतः उडी घेऊन मदत करतो, आणि उचलणारा त्याला बेताने खाली आणतो. गळ्याला विळखा घालून दोघे बराच वेळ जमिनीवर पडून राहतात, तेव्हा ते दम खात असतात, आणि पुढचा डाव एकमेकांच्या कानात सांगत असतात. पंचही सामील असतो. निरोप इकडून तिकडे पोचवणे आणि कुणाला खरोखर लागले तर ओळखणे हे त्याचे काम. ज्याच्या हातून वारंवार दुसऱ्याला इजा होते, तो या धंद्यात वाईट कारागीर समजला जातो.

इतके करूनही अपघात होतात. 1999 च्या मे महिन्यात अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट नावाचा मल्ल छतापासून दोरीने खाली उतरत असताना अडकवणी वेळेआधीच सुटली, आणि तो उंचावरून पडून मरण पावला. मान, पाठ, गुडघे यांची कायमची दुखणी घेऊन घरी बसलेले मल्ल तर अनेक. तेव्हा "खोटं" हा शब्द किती अपुरा आहे, ते तुमच्या ध्यानात येईल.

आता तुम्ही म्हणाल, निकाल ठरलेला असेल तर ती फसवणूकच नव्हे का? हा प्रश्न रास्त आहे. आपल्या जत्रेच्या फडात दोन पैलवानांनी आधी संगनमत केले तर आपण तिला नुरा कुस्ती म्हणतो आणि दोघांनाही फडाबाहेर काढतो. तिथे वचन दिलेले असते की जोड खरी आहे, इनाम खरे आहे. ते वचन मोडले म्हणून ती फसवणूक. पण सिंधुदुर्गातला दशावतार घ्या. आमच्या ठाणे-डोंबिवलीत कोकणातली पुष्कळ मंडळी आहेत, त्यांना हे सांगायला नको. आख्यान ठरलेले, राक्षस मरणार हे ठरलेले. संवाद मात्र लिहिलेले नसतात. ते नट रंगमंचावर आयत्या वेळी बोलतात, आणि युद्ध तालावर होते. तिथे कुणी "हे खोटं आहे" म्हणून उठून जात नाही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात खलनायकाने सुरा काढला म्हणून कुणी पोलिसाला हाक मारत नाही. पडद्यावरची कुस्ती ही या जातीची वस्तू आहे. ती कुस्तीच्या पोशाखातले नाटक आहे.

मात्र ही गोष्ट त्या धंद्याने फार वर्षे उघड केली नाही. 1989 साली त्या अमेरिकन कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपण होऊन सांगितले, की हा करमणुकीचा कार्यक्रम आहे, खेळाची स्पर्धा नव्हे. हेतू साधा होता: स्पर्धांवर असलेली सरकारी देखरेख आणि कर टळावा. खऱ्याची कबुली पैशासाठी का होईना, पण आली.

आपल्याकडेही हा प्रकार केबलबरोबर आलेला नाही. 1950 आणि 1960 च्या दशकांत मुंबईला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या कुस्त्या होत. दारासिंग अमृतसरकडचा, किंगकाँग मूळचा हंगेरीचा आणि अगडबंब. 29 मे 1968 रोजी दारासिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवले. या कुस्त्यांना लोक 'फ्रीस्टाइल' म्हणत, आणि तो शब्द मराठीत असा रुजला की आजही कुठे मारामारी झाली की आपली वर्तमानपत्रे 'फ्रीस्टाइल हाणामारी' असे छापतात. माझे आजोबा रेल्वेत नोकरीला होते. कल्याणहून गाडी पकडून ते या कुस्त्या पाहायला जात. त्या काळी या धंदेवाईक कुस्त्यांत जगभर बरेचसे आधी ठरलेले असे. मोठेपणी मी त्यांना ते सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "निकाल कसाही लागो रे. किंगकाँगला उचलला तो भार काय खोटा होता?"

दूर मेक्सिको देशात तर ही लोककलाच झाली आहे. तिथे तिला 'लुचा लिब्रे', म्हणजे मोकळी कुस्ती, म्हणतात. 1933 पासून तिथे तिचे नियमित फड भरू लागले. मल्ल मुखवटा घालतात. त्यांत दोन पक्ष असतात: नियमाने लढणारे आणि दांडगाई करणारे. प्रेक्षक आपापला पक्ष निवडून आरडाओरडा करतात. कधी मुखवट्याचीच पैज लागते. हरणाऱ्याने तो सर्वांसमक्ष उतरवायचा आणि आपले खरे नाव सांगायचे. 'एल सान्तो', म्हणजे संत, हा त्यांतला सर्वांत लाडका. 1942 पासून त्याने रुपेरी मुखवटा घातला. 1984 साली तो वारला, तेव्हा त्याला मुखवट्यासह पुरले. 2018 साली मेक्सिको शहराने या कुस्तीला आपला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मग आम्ही चाहते दर आठवड्याला पाहतो तरी काय? कथा पाहतो. अमेरिकेतला सोमवारच्या रात्रीचा कार्यक्रम 11 जानेवारी 1993 रोजी सुरू झाला. तिकडे सोमवारची रात्र, तेव्हा आपल्याकडे मंगळवारची पहाट. पुराणिकबुवा कथा ऐन रंगात आली की पोथी बांधतात, तशी दर आठवड्याला गोष्ट अर्ध्यावर सुटते. आधी सज्जन वरचढ ठरतो. मग पंचाची पाठ वळली की दुर्जन लबाडी करतो. सज्जन मार खातो. आणि लोकांच्या आरोळ्यांनी बळ येऊन तो पुन्हा उठतो. साचा जुना आहे. पण तो कसा भरला, कुणी प्रेक्षकांना किती वेळ अधांतरी ठेवले, हे पाहण्यात गंमत असते. 2006 साली हिमाचलचा दलीपसिंग राणा 'द ग्रेट खली' या नावाने तिथे आला आणि आमच्या लाडक्या अंडरटेकरलाच त्याने झोडपले. आम्ही कुणाच्या बाजूने ओरडावे हा मोठाच पेच पडला. 2007 साली तो अजिंक्यवीर झाला. हे सगळे ठरवून झाले, हे ठाऊक असूनही आनंद झाला. यात विसंगती नाही. रामायण कसे संपते हे ठाऊक असूनही आपण ते ऐकतोच.

तरीही एक फरक कधी पुसू देऊ नये. कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या खासबाग मैदानात, किंवा 1961 पासून चाललेल्या महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात, हलगी कडाडत असते आणि कोण चितपट होणार हे त्या दोन मल्लांनाही ठाऊक नसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले, ते कुणी लिहून ठेवलेल्या कथेतून नव्हे. त्या विद्येचा मान वेगळा आहे. नाटकाची आवड असणे आणि नाटकालाच लढाई समजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, माझी सूचना एवढीच. "ते खोटं असतं" असे मुलांना सांगू नका. मूल त्यातून एवढेच समजते, की आपटल्याने काही होत नाही. त्याऐवजी सांगा, की पडणे खरे असते. ती माणसे पडायचे कसे हे वर्षानुवर्षे शिकतात. आणि उचलणारा समोरच्याला सांभाळत असतो. तुला पडायला कुणी शिकवले आहे का, असे विचारा. अंगात रग असेल त्याला गावच्या तालमीत वस्तादांकडे पाठवा. तिथे आधी जोर-बैठका, मग माती, आणि मग डाव. पहिल्याच दिवशी कुणी कुणाला आपटत नाही. आणि ज्याला त्या कथेचाच नाद आहे, त्याला पुढच्या आठवड्यात काय होईल ते लिहून आणायला सांगा.

त्या गुरुजींनी हे करून पाहिले. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "सर, दंगा अगदी थांबला असं म्हणणार नाही. पण उचलून आपटणं बंद झालं. आणि निबंधाला चार ओळी न लिहिणाऱ्या एका पोरानं दोन पानं भरून आणली. शुद्धलेखन विचारू नका."

माझा भाऊ आता चाळिशीला आला आहे. तो हात अजूनही पुरता सरळ होत नाही. सुट्टीला घरी आला की आम्ही दोघे आणि माझा मुलगा एकत्र बसून तो कार्यक्रम पाहतो. पडद्यावर कुणी कुणाला डोक्यावर उचलले की भाऊ काही न बोलता आपला कोपर पुतण्यापुढे धरतो. माझ्या व्याख्यानापेक्षा त्या कोपराचा उपयोग अधिक होतो, हे मी जाणून आहे.