नक्कल फाटली, दफ्तर शाबूत

आमच्या हिंगणघाटच्या मोहल्ल्यातला एक मुलगा आहे, पंचविशी ओलांडलेला. त्याच्या परवानगीनं सांगतो, नाव मात्र सांगत नाही. एका शिबिरात त्यानं रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, तुमच्या रक्तात 'हिपॅटायटिस बी' आहे, तपासून घ्या. डोळे पिवळे नाहीत, भूक उत्तम, दिवसभर काम करतो. आपल्याकडे याला 'पांढरी कावीळ' म्हणतात, आणि पिवळेपणा न दिसताच वर्षानुवर्षं यकृतात राहणाऱ्या या दुखण्याला ते नाव शोभतंही. सगाई ठरलेली. घरात आईनं, म्हणजे आमच्या भाभींनी, त्याचा पेला आणि ताट वेगळं ठेवलं.

तो माझ्याकडे आला. मोबाइलवर त्यानं वाचलं होतं, आरएनएचं एक इंजेक्शन येतंय, त्यानं हा आजार मुळासकट जातो. "चाचा, तुम्ही लिहिता-वाचता. हे खरं आहे का?"

आता मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण त्याला तसंच परत पाठवणं जिवावर आलं. महिनाभर वाचलं, ओळखीच्या एका डॉक्टरांना भरपूर छळलं, आणि जे उमगलं ते आपल्या भाषेत सांगतो.

शेतीचा सातबारा आठवा. मूळ नोंद तलाठ्याच्या दफ्तरात. कर्ज काढायला जाताना आपण दफ्तर उचलून नेत नव्हतो, नक्कल नेत होतो, आणि बँकेचं काम त्या नकलेवर चालायचं. आपल्या पेशीतही असंच आहे. डीएनए हे दफ्तर, ते आतल्या खोलीत असतं. आरएनए ही त्याची नक्कल. ती बाहेर येते, आणि तिच्यात लिहिलंय त्याप्रमाणे पेशीतले कारागीर प्रथिनं बनवतात.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो आणि त्या दफ्तरखान्यात आपलं स्वतःचं एक पान, वेटोळं करून, ठेवून देतो. ते पान सहसा निघत नाही. त्याच्या नकला निघत राहतात, आणि त्यांवरून नवे विषाणू तयार होतात. त्याहून कितीतरी जास्त संख्येनं तयार होतात नुसती रिकामी टरफलं. रक्ततपासणीत सापडतं ते या टरफलांचं प्रथिन. रक्तात ती इतकी होतात, की आपली प्रतिकारशक्ती थकून हात टेकते, असं शास्त्रज्ञ मानतात.

आज मिळणाऱ्या टेनोफोविर, एन्टेकाविर या गोळ्या नवा विषाणू तयार होण्याची वाट अडवतात. यकृत वाचवणारी, फार मोलाची औषधं आहेत ही. पण नकला निघणं त्या थांबवत नाहीत, म्हणून टरफलं सुरूच राहतात आणि गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते.

नवं इंजेक्शन नेमकं नकलेवर हात टाकतं. साधारण एकवीस अक्षरांचा आरएनएचा एक इवलासा तुकडा. त्याला विशिष्ट साखरेचं शेपूट जोडलेलं असतं, ती साखर यकृताच्या पेशी ओळखून आत घेतात. आत गेल्यावर पेशीचीच एक यंत्रणा तो तुकडा हातात धरते, जुळणारी नक्कल शोधते आणि कापून टाकते. विषाणू मोठा कंजूष. त्याचा सगळा मजकूर सुमारे 3200 अक्षरांत बसवलेला, आणि त्याच्या सगळ्या नकलांचा शेवट सारखाच. म्हणून एकाच कात्रीत सगळ्या नकला सापडतात.

ही कात्री निसर्गाचीच आहे, आणि ती दिसली एका फुलात. 1990 साली अमेरिकेत पेटुनियाची जांभळी फुलं आणखी गडद करायची म्हणून शास्त्रज्ञांनी रंगाचं एक जास्तीचं जनुक घातलं. फुलं उमलली ती पांढरी आणि पट्ट्यापट्ट्यांची! (माझ्यासारख्याला अख्ख्या विषयातलं हेच आधी आवडलं.) उलगडा 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून केला. 2006 साली त्यांना नोबेल मिळालं.

मग बी का बरा होत नाही? एका सुरुवातीच्या औषधानं चिंपांझींमध्ये आणि माणसांमध्येही एक कोडं टाकलं. काहींच्या रक्तातली टरफलं झपाट्यानं घटली, काहींच्यात घटता घटेनात. 2017 मध्ये छापून आलेल्या संशोधनात कारण दिसलं. विषाणू आपलं वेगळं पान ठेवतो, शिवाय त्याचे तुकडे आपल्या मूळ दफ्तरातही शिवून टाकतो. त्या शिवलेल्या तुकड्यांवरूनही टरफलं बनतात, आणि त्यांच्या नकलांत औषध शोधत होतं ती शेवटची अक्षरंच नव्हती. पुढची औषधं हे ध्यानात घेऊन बेतली गेली.

त्यांतल्या झालनेसिरान या औषधाच्या चाचणीचे आकडे डिसेंबर 2024 मध्ये आले. 159 रुग्ण, 48 आठवडे उपचार. उपचार थांबवून 24 आठवडे झाल्यावर पाहिलं, तर नुसतं हे इंजेक्शन आणि गोळ्या घेणाऱ्यांत शंभरी 3 ते 7 जणांच्या रक्तातून ते प्रथिन गेलेलं होतं. जोडीला इंटरफेरॉन दिलेल्यांत 23 टक्के. नुसत्या गोळ्यांवर, शून्य. आणि ज्यांचं गेलं, त्या सगळ्यांच्या रक्तात ते मुळातच कमी होतं. म्हणजे नक्कल फाडता येते, दफ्तरातलं पान तसंच राहतं. कात्रीनं जरा उसंत मिळवून दिली की उरलेलं काम शरीराच्या पहारेकऱ्यांनी करायचं, आणि ते प्रत्येकाचे जागे होत नाहीत. ही औषधं अजून चाचण्यांतच आहेत. पण शून्यावरून तेवीस, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सध्या नाही." सध्या नाही. पण सध्याही बरंच आहे. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात याची तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत आहेत. प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही, आणि सुरू केलेली मनानं बंद करायची नाही. होणाऱ्या बायकोची तपासणी करून लशीचे तीन डोस दिले की लग्नाला आडकाठी नाही. आजार पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्यानं नाही. पेला वेगळा ठेवायची काही गरज नव्हती.

सेवाग्रामला दवाखान्यात मी सोबत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, आईची तपासणी झाली का? मोठ्या वयात हा विषाणू शिरला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर त्याला हुसकून लावतं. जन्मताना शिरला, तर शंभरातल्या नव्वदांपर्यंत बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. जन्मल्यापासून चोवीस तासांत लस टोचली तर हे बहुतांशी टळतं. हा मुलगा जन्मला तेव्हा ती सरकारी लसीकरणात नव्हती. महाराष्ट्रात या लशीचा समावेश 2007-08 नंतर झाला, साऱ्या देशात 2011 पासून.

भाभींचं रक्त तपासलं. अहवाल पॉझिटिव्ह आला. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मुलगा त्यांना समजावत होता, "अम्मी, तुला तरी कुठं माहीत होतं." आता दोघांची तपासणीची तारीख एकाच दिवशी असते, आणि थोरल्या बहिणीला, तिला सातवा महिना लागलाय, त्या पुढच्या वेळी सोबत नेणार आहेत.