मागचे स्पीकर मोठे हवेत? पत्रा कापू नका

गाडीच्या मागच्या दारांत मोठे स्पीकर बसवायचे म्हटले, की ॲक्सेसरीजच्या दुकानात हमखास ऐकायला मिळतं, "पत्रा थोडा मारावा लागेल." गिऱ्हाईकही मान डोलावतं. स्पीकर मोठा म्हणजे भोक मोठं, हे त्याला उघडच वाटतं. मग नव्या गाडीच्या दारावर ग्राइंडर चालतो, ठिणग्या उडतात, आणि दहा मिनिटांत जे होतं ते पुन्हा पूर्ववत करता येत नाही. बहुतेक वेळा त्याची काहीही गरज नसते.

मुळात ‘साडेसहा इंची’ हे माप स्पीकरच्या बाहेरच्या कडेचं, म्हणजे साधारण १६५ मिलिमीटर. त्याला लागणारं भोक १४० मिलिमीटरच्या आसपास असतं आणि तेही कंपनीगणिक थोडं बदलतं. शिवाय स्पीकरचा सांगाडा नरसाळ्यासारखा असतो : पुढे रुंद, मागे निमुळता. मागचं मॅग्नेट बहुधा ९० ते १०० मिलिमीटरचं असतं, म्हणजे सव्वापाच इंची स्पीकरच्या भोकातूनही ते सहज आत जातं. अडतो तो फक्त पुढचा रुंद भाग. तो पत्र्यापासून थोडा पुढे आणला की काम झालं. त्यासाठीच ॲडॉप्टर रिंग असते. रिंग मूळ स्क्रूच्या भोकांवर बसते आणि स्पीकर रिंगवर. पत्र्याला धक्का लागत नाही. काही गाड्यांत मूळ स्पीकर रिव्हेटने ठोकलेला असतो. तिथे रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात, पण ते पत्रा कापणं नव्हे.

"मग रिंग जाड घेतली की झालं," असं म्हणून चालत नाही. रिंगमुळे स्पीकर खिडकीच्या काचेपासून दूर जातो, पण दाराच्या आतल्या ट्रिमच्या जवळ येतो. दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. काच पूर्ण खाली करून भोकाच्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर घ्या. काच वर असताना घेतलेलं माप कुचकामी. पुढच्या बाजूसाठी सोपी युक्ती आहे : रिंगवर तीन-चार ठिकाणी कणकेच्या गोळ्या चिकटवा, ट्रिम जागेवर दाबून बसवा आणि परत काढा. गोळ्या जेवढ्या जाडीच्या उरल्या, तेवढीच जागा रिंगच्या पुढे आहे. जोराच्या ठेक्यावर स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, काही मिलिमीटर बाहेर येतो, तो जाळीला लागता कामा नये.

रिंग कशाची आहे, याकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. दुकानांत एमडीएफच्या रिंगा सर्रास मिळतात. एमडीएफ म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड. तो पाणी पितो, फुगतो आणि स्क्रू सुटतात. दाराच्या आत पाणी येतंच. काचेला लागून असलेलं रबर सगळं पाणी अडवत नाही. पाणी आत उतरून दाराच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडावं, अशीच रचना असते. म्हणून रिंग प्लास्टिकची घ्या, एचडीपीई उत्तम. स्वयंपाकघरातले पांढरे प्लास्टिकचे चॉपिंग बोर्ड बऱ्याचदा याच जातीच्या प्लास्टिकचे असतात, आणि हौशी मंडळी त्यांतून रिंगा कापूनही घेतात.

पत्रा कापण्याला माझा विरोध आहे तो याच पाण्यामुळे. कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून काढतात, तेव्हा दाराच्या आतल्या कोपऱ्यांपर्यंत गंजरोधक थर पोचतो. ग्राइंडर फिरला की कापलेली कड उघडी पडते, ठिणग्यांचे लोखंडी कण आजूबाजूच्या रंगात रुततात आणि गंज तिथून सुरू होतो. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यासारख्या खाऱ्या हवेत तर तो थांबवणं फार अवघड. कापलेली कड ‘रंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला विचारा : आधी प्रायमर मारणार का?

आता आवाजाकडे येऊ. सगळ्यांत मोठा गैरसमज इथेच आहे : "स्पीकर मोठा, म्हणजे बेस जास्त." कोनचं क्षेत्रफळ वाढतं, हे खरं. सव्वापाच इंचीचं साधारण ९० चौरस सेंटिमीटर, साडेसहा इंचीचं १३० च्या आसपास. पण बेस ऐकू येण्यासाठी आणखी एक अट आहे, आणि ती न पाळल्यास मोठा स्पीकरही पोकळ वाजतो. कोन पुढे ढकलला जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींना भेटल्या की खालच्या स्वरांत एकमेकींना मारून टाकतात. खात्री करायची असेल, तर सुटा स्पीकर हातात धरून वाजवा : तबल्याची चाटी ऐकू येईल, डग्ग्याचा घुमारा नाही. मग पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यावर तोच स्पीकर घट्ट दाबून धरा. आवाज तोच ठेवूनही घुमारा येतो.

दाराच्या बाबतीत हेच घडतं. दाराच्या आतल्या पत्र्यात मोठमोठी भोकं असतात आणि त्यांवर काळ्या चिकट गोंदाने प्लास्टिकचा कागद लावलेला असतो. फिटरने तो फाडून फेकला की मागची लहर सरळ आत येते, आणि पावसाळ्यात पाणीही. तेव्हा कागद जपा, शक्य असेल तर भोकांवर डॅम्पिंग शीट लावून घ्या, रिंग आणि पत्रा यांच्यात फोमची पट्टी घाला. फक्त तळाची पाणी जायची छिद्रं मोकळी ठेवा. नीट सील केलेल्या दारातला सव्वापाच इंची स्पीकर ढिल्या दारातल्या साडेसहा इंचीला सहज मागे टाकतो.

वॉटचा आकडाही फसवा असतो. खोक्यावर ‘मॅक्स ३५० वॉट’ लिहिलेलं असतं. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद. स्टिरिओवरचे ‘५० गुणिले ४’ कुठून येतात? गाडी चालू असताना बॅटरीचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने भागलं की ५२ येतात. हा कागदावरचा हिशोब झाला. स्वच्छ आवाजात प्रत्येक स्पीकरला २० वॉटच्या आसपासच मिळतात. म्हणून वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर जास्त वॉटचा नव्हे, जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घ्या. ती ३ डेसिबलने वाढली, की निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज मिळतो.

सहा-बाय-नऊचे ओव्हल स्पीकर दाराच्या गोल भोकात बसत नाहीत. त्यांची हौस असेल, तर सेडानचा मागचा डेक उचलून बघा. पुष्कळ गाड्यांत कापडाखाली तयार भोक असतं. हॅचबॅकमध्ये मूळ पार्सल ट्रे जपून ठेवा आणि प्लायवूडचा दुसरा ट्रे ब्रॅकेटने पक्का बसवा. ट्रेवर नुसता स्पीकरचा खोका ठेवणं मात्र धोक्याचं आहे. ५० च्या वेगात गाडी धडकून थांबली, तर तो खोका त्याच वेगाने पुढच्यांच्या डोक्याकडे येतो.

वायरी कापू देऊ नका. कपलर-टू-कपलर जोडण्या मिळतात. पिवळ्या कपलरला तर हातच लावायचा नाही, तो बहुधा एअरबॅगचा असतो. एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या, तरी बेस नाहीसा होतो. स्टिरिओपासून सोडवलेल्या स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर पेन्सिल सेल लावा : कोन बाहेर उसळला, तर सेलच्या अधिकाकडचं टोक अधिक.

आणि खर्च करायचाच असेल, तर आधी पुढच्या दारांवर करा. चालवणाऱ्याला गाणं समोरून ऐकू यायला हवं, मागचे स्पीकर त्याला फक्त साथ देतात. काम झालं की काढलेले स्पीकर, स्क्रू आणि जाळ्या एका पिशवीत घालून डिकीत ठेवायला सांगा. गाडी विकायची वेळ आली, की ते मूळ जागी परत बसतात आणि नवे स्पीकर तुमच्याबरोबर पुढच्या गाडीत येतात.