सालबाईच्या तहाचे सात महिने

सालबाईचा तह महादजी शिंदे व अँडरसन यांनीं ता. १७ मे १७८२ रोजीं ठरविला. हेस्टिंग्जनें तो जूनांतच मान्य केला. पुण्याची मान्यता मात्र २० डिसेंबरास झाली. हा विलंब नाना-महादजींच्या चुरशीचा, असें कित्येक म्हणतात. चुरस होतीच, पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. तहानें साष्टी इंग्रजांकडेच राहत होती. ती सोडविण्यास नानांच्या हातीं एकच साधन उरलें होतें, तें म्हणजे कर्नाटकांत इंग्रजांशीं झुंजणारा हैदर. शिवाय १७८० च्या इंग्रजांविरुद्धच्या जुटींत तो पुण्याचा सोबती. तह पुरा करावा तर हें साधन जातें, मोडावा तर युद्ध पुन्हां पेटतें. म्हणून नानांनीं तो लांबविला. ७ डिसेंबरास हैदर वारला आणि तेरा दिवसांत मान्यता झाली.

ती देतांना नानांस हैदराचें वृत्त कळलें होतें कीं नाहीं, याचा निर्णय पत्र लिहिल्याच्या नव्हे, पोंचल्याच्या तिथीवरून व्हावयाचा. तेव्हां संग्राहकांनीं या महिन्यांतील पत्रांच्या पाठीवरील पैवस्तीची नोंद आधीं उतरून घ्यावी. जीर्ण कागद डकवितांना नेमकी तीच बाजू खळीखालीं गेलेली आम्हीं अनेकदां पाहिली आहे.