संडासाच्या पाइपला हवाही लागते

घर बांधताना फरशीच्या रंगावर आठवडे जातात, पण फरशीखालच्या पाइपांचा निर्णय प्लंबर उभ्या उभ्या घेतो. तिथली चूक पुढे फोडाफोडीशिवाय निघत नाही, म्हणून या पाइपांबद्दलचे गैरसमज आधीच दूर झालेले बरे.

सगळ्यात घट्ट रुतलेला गैरसमज असा, की व्हेंट पाइप फक्त वास वर सोडण्यासाठी असतो, नसला तरी चालतो. वास वर जातो हे खरे. पण त्याचे मोठे काम लाइनला हवा पुरवणे हे आहे. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाणी उभ्या पाइपातून वेगाने उतरते आणि आपल्यामागे हवा ओढते. ती वरून मिळाली नाही, तर ओढ जवळच्या ट्रॅपवर पडते. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाण्याचा अडसर असतो. गुडगुड आवाज होत ते पाणी खेचले गेले, की लाइनमधला वायू सरळ बाथरूममध्ये येतो. मग लोक फिनेल, ॲसिड ओतत राहतात. न वापरलेल्या बाथरूममध्ये ट्रॅपचे पाणी नुसते सुकलेले असू शकते. तिथे तांब्याभर पाणी पुरते. रोजच्या वापरातल्या बाथरूममध्ये मात्र गुडगुड आणि वास एकत्र आले, तर आधी व्हेंट बघावा.

डास येतात म्हणून व्हेंटला टोपण ठोकणेही चूकच. आरोग्य विभाग जाळी बांधायला सांगतो, तोंड बंद करायला नाही.

पाइपांच्या जोडांबाबत 'टी काय, वाय काय, पाणी जातेच ना?' हेही नेहमीचे. साध्या टीमध्ये बाजूचा प्रवाह काटकोनात येऊन समोरच्या भिंतीवर आदळतो, थोडा उलटाही फिरतो आणि मैला तिथेच थबकतो. वायमध्ये तो 45 अंशांनी, वाहत्या दिशेनेच मिसळतो. म्हणून जमिनीखालच्या आडव्या लाइनला वाय घ्यावा. वळणावर एका काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन बेंड. आडवी लाइन उभ्या पाइपला मिळते तिथे टी चालतो, पण तो खाली वळणारा स्वेप्ट टी हवा. हाच टी उलटा बसवला, तर प्रवाह वरच्या दिशेने आपटतो. वळणापाशी झाकण उघडणारा डोअर बेंड घेतला, तर पुढे चोकअप काढायला जागा राहते. चार पैसे जास्त जातात, पण इथे काटकसर करू नये.

चार इंची पाइप सगळे सारखेच, असेही नाही. 110 मिलिमीटरच्या एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या) पाइपमध्ये टाइप ए पातळ असतो, व्हेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी. मैल्यासाठी टाइप बी. त्याची जाडी किमान 3.2 मिलिमीटर. हे पाइपवरच छापलेले असते.

आणि कमोडला स्वतःचा ट्रॅप असताना 'डबल सेफ्टी' म्हणून खाली आणखी एक बसवू नका. दोन पाण्यांमध्ये हवा कोंडते आणि फ्लश मंदावतो.

फरशी बसण्याआधी लाइनचे तोंड बंद करून तिच्यात पाणी भरायला लावा, सांधे हाताने चाचपून बघा आणि उघड्या लाइनचे फोटो शेजारी टेप धरून काढून ठेवा.