माणसांतली सजगता

पंगतीत वाढताना हात थरथरणे, किंवा प्रश्न मनात तयार असूनही ग्रामसभेत उठून उभे न राहणे, याला घरोघरी लाजाळूपणा म्हणून सोडून दिले जाते. परंतु लोक नावे ठेवतील ही धास्ती सहा-सहा महिने टिकून शिक्षण, नोकरी, सोयरीक यांच्या आड येऊ लागली, की मानसोपचारशास्त्र तिला सामाजिक चिंताविकार म्हणते. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशयाच्या काठी अशा व्यक्तीला हायसे वाटते खरे, पण ते समोर माणसे नसल्यामुळे; त्याला उपचार म्हणता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये असे मांडले, की भीती दाटताच लक्ष समोरच्या माणसावरून उडून आत वळते. कान तापले का, आवाज कापतो का, हे व्यक्ती सतत तपासत राहते आणि स्वतःला जे जाणवते तेच इतरांना दिसत असणार असे धरून चालते. मान खाली घालणे, प्रत्येक वाक्य आधी मनात घोळवणे अशा बचावाच्या सवयींमुळे ही समजूत खोटी ठरण्याची संधीच येत नाही.

सजगता, म्हणजे चालू क्षणाकडे बरेवाईट न ठरवता जाणीवपूर्वक लक्ष देणे, या फेऱ्यालाच हात घालते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी उभारलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. त्याच परंपरेतील विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून भरतात. मात्र शिबिरातील मौनात खाणाखुणाही वर्ज्य असल्याने माणसांना घाबरणाऱ्याला तेथे निर्धास्तपणे लपता येते, हे ध्यानाची शिफारस करणाऱ्यांनी विसरू नये.

उपचारात श्वासाचा सराव ही केवळ पूर्वतयारी असते. ‘सगळे माझ्याकडेच पाहत आहेत’ हा मनात उठलेला एक विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे ओळखून, छातीतील धडधड तशीच राहू देत, लक्ष पुन्हा दुकानदाराच्या बोलण्याकडे न्यायचे आणि हे भर बाजारात वारंवार करायचे, हा खरा अभ्यास. फिलिप गोल्डिन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १०८ रुग्णांच्या अभ्यासात, उपचाराच्या प्रतीक्षेत असलेल्यांपेक्षा सजगतेचा कार्यक्रम आणि विचार-वर्तन उपचार या दोन्ही गटांना अधिक लाभ झाला.

तज्ज्ञ गावाजवळ नसल्यास ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते; अनोळखी माणसाला फोन करणे हेच ज्याला सर्वांत अवघड, त्याच्यासाठी पहिला फोन घरातल्या कोणी लावला तरी चालतो.