50 टक्के व्याज देणारा देश: पैसे टाकायचे का?

व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून तुर्कस्तानचं गणित इथे सविस्तर मांडतोय. उदयोन्मुख देशाकडे गुंतवणूकदार म्हणून कसं बघायचं, हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

मार्च 2024 मध्ये तुर्कस्तानच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर 50 टक्के होता. ऐकूनच तोंडाला पाणी सुटतं ना? थांबा. आधी चार गोष्टी तपासायच्या.

1. व्याजातून महागाई वजा करा

डिसेंबर 2021 मध्ये तिथे व्याजदर 14 टक्के होता आणि महागाई 36 टक्के. म्हणजे बँकेत पैसे ठेवणारा दरवर्षी गरीब होत होता. ऑक्टोबर 2022 मध्ये तर महागाई 85 टक्क्यांवर गेली. मग लोक लिरा ठेवतील कशाला? ज्याला जमलं त्याने डॉलर, सोनं, घर किंवा शेअर घेतले. महागाई इतकी असते तेव्हा शेअर बाजार वर गेला म्हणजे देशाचं बरं चाललंय, असं अजिबात समजू नका. बऱ्याचदा तो लोकांचा लिरापासून पळ असतो.

2. नफा आपल्या चलनात मोजा

समजा, सप्टेंबर 2021 मध्ये तुम्ही 1,000 डॉलरचे लिरा केले. तेव्हा डॉलर साधारण 8.30 लिराला होता, म्हणजे 8,300 लिरा आले. धरून चालू की 2023 च्या अखेरीस ते दीडपट झाले: 12,450 लिरा. पण तोवर डॉलर साडेएकोणतीस लिराला पोचला होता. परत डॉलर केले तर हातात किती? सुमारे 420! कागदावर दीडपट, खिशात निम्म्याहून कमी.

3. देश डॉलर कमावतो किती, घालवतो किती

तुर्कस्तान कारखानदारीत मजबूत आहे. गाड्या, कापड, घरगुती उपकरणं युरोपला जातात आणि पर्यटनातूनही मोठी कमाई होते. पण तेल आणि गॅस बहुतेक बाहेरून आणावा लागतो. तेल महागलं की डॉलर लागतात जास्त, लिरा घसरतो, आयात महागते आणि महागाई पुन्हा वाढते. असं हे चक्र आहे. म्हणून परकीय चलनाची गंगाजळी किती आहे, हे बघायचंच.

4. निर्णय कोण घेतं?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. व्याजदर वाढवल्याने महागाई वाढते, असं राष्ट्राध्यक्ष एर्दोआन म्हणायचे. अर्थशास्त्राच्या नेहमीच्या समजुतीच्या बरोबर उलटं! जुलै 2019 ते मार्च 2021 या काळात मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर हटवले गेले. मालक दर सहा महिन्यांनी मॅनेजर बदलतो, अशा दुकानाला तुम्ही उधारीवर माल द्याल का?

जून 2023 मध्ये गाडी वळली. मेहमेत शिमशेक अर्थमंत्री झाले आणि मध्यवर्ती बँकेने साडेआठ टक्क्यांचा दर नऊ-दहा महिन्यांत 50 वर नेला. महागाई मे 2024 मधल्या 75 टक्क्यांवरून वर्षअखेरीला 44 वर आली. या काळात लिराची घसरण व्याजापेक्षा कमी राहिली, त्यामुळे वेळेवर शिरलेल्यांनी खरंच पैसे कमावले. हेही मान्य करायला हवं.

पण मार्च 2025 मध्ये इस्तंबूलचे महापौर एकरेम इमामोग्लू यांना अटक झाली. लिरा एका दिवसात कोसळला, मध्यवर्ती बँकेला डॉलर विकावे लागले आणि एप्रिलमध्ये व्याजदर पुन्हा वाढवून 46 टक्के करावा लागला. कपात पुन्हा सुरू झाली ती जुलैमध्ये. धोरण बरोबर असूनही एका राजकीय बातमीने काही महिन्यांची मेहनत मागे गेली.

मग आपण काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे: धंद्याचं खेळतं भांडवल अशा ठिकाणी नेऊच नका. पुढच्या महिन्याचा पगार आणि जीएसटी ज्यातून भरायचा, तो पैसा जोखमीचा नाही. शिल्लक पैसा असेल तर एकाच देशावर डाव न लावता अनेक देशांत विभागलेला फंड बघा, तोही थोडाच.

आणि अशा देशातला गिऱ्हाईक 90 दिवसांची उधारी मागत असेल, तर बिल डॉलरमध्ये करा, काही रक्कम आगाऊ घ्या, बाकीच्यासाठी बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट मागा. माणूस प्रामाणिक असला तरी त्याचं चलन त्याच्या हातात नसतं.

जास्त व्याज हे बक्षीस नसतं, ती जोखमीची किंमत असते. कुणी मोठा आकडा दाखवला की पहिला प्रश्न विचारा: "हा परतावा कुठल्या चलनात?"

पुढच्या व्हिडिओत निर्यातीच्या बिलावर फॉरवर्ड कव्हर कसं घ्यायचं ते बघू. भेटूच!