भरली कणगी, बसलेला बोळा

रात्री नऊला जेवून झोपलेला माणूस सकाळी सातला उठतो. मधले दहा तास पोटात कण नाही, पण मेंदूला साखर तर लागतच असते. ती येते कुठून? बाळांनो, हा प्रश्न तुमच्याआधी पॅरिसच्या क्लोद बर्नार या शास्त्रज्ञांना पडला होता. 1855 साली त्यांनी कुत्र्याचं ताजं यकृत घेतलं आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडत राहिले. साखरेचा अंश उरला नाही, तेव्हा थांबले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, त्याच यकृतात पुन्हा साखर! जेवण नाही, रक्त नाही, जीवही नाही, तरी साखर तयार. याचा अर्थ, ती दुसऱ्या कुठल्या तरी रूपात तिथेच साठवलेली होती. 1857 मध्ये बर्नार यांनी ते रूप वेगळं काढलं आणि नाव दिलं ग्लायकोजेन.

आपल्या जुन्या घरातली कणगी आठवा. सुगीत वरून धान्य भरायचं आणि लागेल तसं तळाचा बोळा काढून घ्यायचं. यकृताचंही तसंच. जेवलो की ते जवळपास 100 ग्रॅम ग्लायकोजेन साठवतं आणि उपाशीपोटी थोडं थोडं सोडतं. स्नायूंमध्ये याच्या काही पट साठा असतो; पण स्नायू मोठे आपमतलबी, रक्ताला दाणाही देत नाहीत.

आता समजा, कणगी काठोकाठ भरली आहे आणि बोळा निघतच नाही. 1929 मध्ये एडगर फॉन गिर्के या जर्मन वैद्यकतज्ज्ञांनी अशाच मुलांची यकृतं तपासली. प्रचंड सुजलेली, ग्लायकोजेनने ठासून भरलेली. बर्नारच्या निर्जीव यकृताने आपण होऊन साखर सोडली होती. इथे मात्र मृत्यूनंतरही साठा तसाच पडून होता.

असं का, हे कळायला 1952 साल उजाडलं. गर्टी आणि कार्ल कोरी हे प्रागमध्ये शिकलेलं जोडपं अमेरिकेत सेंट लुईसला काम करत होतं. ग्लायकोजेन कसं तुटतं, यावर दोघांना 1947 चं नोबेल मिळालं होतं. त्यांनी दाखवलं, की ग्लायकोजेन तुटून निघालेल्या साखरेला फॉस्फेट जोडलेलं असतं. ते सुटल्याशिवाय साखर रक्तात जाऊ शकत नाही, आणि ते सोडवणारं एन्झाइमच या मुलांच्या यकृतात जवळजवळ नव्हतं. गर्टीबाई तेव्हा स्वतः रक्ताच्या असाध्य आजाराने खंगत होत्या, तरी प्रयोगशाळा सुटली नव्हती. मला त्यांच्या नोबेलपेक्षा हे काम मोठं वाटतं.

अशा बाळाचं पोट मोठं दिसतं, गाल गुबगुबीत असतात. बघणाऱ्याला वाटावं, काय गुटगुटीत आहे! पण दूध तीन-चार तास लांबलं की साखर उतरते, बाळ मलूल होतं, कधी झटके येतात. स्नायूंच्या कणगीचाही असाच एक आजार आहे. ब्रायन मॅकआर्डल या डॉक्टरांनी 1951 मध्ये तो नोंदवला. त्यात जिना चढताना स्नायू दुखून आखडतात. मात्र थोडं थांबून हळूहळू चालत राहिलं, की रक्तातली साखर आणि चरबी मदतीला येते आणि चालणं सोपं होतं.

गिर्केच्या आजारावरचा उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरातला निघाला: कॉर्नफ्लोअर! 1984 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं, की गार पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लोअर पोटात सावकाश पचतं आणि कित्येक तास साखर पुरवत राहतं. शिजवलं की ते लवकर पचतं आणि सगळा खेळ फुकट! त्याआधी अशा मुलांना रात्रभर नाकातल्या नळीतून अन्न द्यावं लागे.

हे आजार दुर्मीळ. गिर्केचा साधारण लाखात एकाला. त्यात आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. दोघेही वाहक, म्हणजे एकेक सदोष जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही, आणि नात्यात लग्न झालं की एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा घरात मोठ्या पोटाचं बाळ उपाशीपोटी वारंवार मलूल पडत असेल, तर दृष्ट काढत बसू नका. त्याच वेळी त्याच्या रक्तातली साखर तपासून घ्या.